बेटावरच्या समुद्रात उतरण्याआधी: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

उष्ण कटिबंधातल्या बेटांचे फोटो पाहिले की सगळीकडे एकच समुद्र आहे असं वाटतं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर झुकलेला माड. प्रत्यक्षात एकाच बेटाच्या दोन बाजूंना, एकाच दिवशी, दोन वेगळे समुद्र असतात. एका बाजूला लहान मूल घोटाभर पाण्यात बसून खेळत असतं आणि दुसऱ्या बाजूला पट्टीच्या पोहणाऱ्यानेही पाय घालू नये अशी परिस्थिती असते. एकाच किनाऱ्यावर सकाळी दहाचं पाणी आणि दुपारी तीनचं पाणी यांतही फरक पडतो. म्हणून 'कुठल्या बीचवर जायचं' एवढंच विचारून थांबू नका. कुठल्या महिन्यात, बेटाच्या कुठल्या बाजूला आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, हेही विचारा. पुढचा बहुतेक सल्ला या तीन प्रश्नांतूनच निघतो.

आधी बेटाची बाजू ठरवा

खोली बुक करण्याआधीच हे करायला हवं. उष्ण कटिबंधात वारा वर्षातला बराच काळ ठरावीक दिशेने वाहतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, दक्षिणेला आग्नेयेकडून. वारा ज्या बाजूवर आदळतो तिथे लाटा मोठ्या, पाणी ढवळलेलं आणि ओढ जास्त. डोंगराच्या मागे, आडोशाला, पाणी शांत. बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावर बाथशेबाला अटलांटिकच्या लाटा थेट येऊन फुटतात, म्हणून तिथे सर्फिंग करणारे जमतात. त्याच बेटाचा पश्चिम किनारा पोहायला संथ आहे, आणि दोन्ही किनाऱ्यांमधलं अंतर गाडीने तासाभराचंही नाही.

हिंदी महासागर आणि आग्नेय आशियात मोसमी वाऱ्यांमुळे ही बाजू वर्षातून दोनदा पालटते. श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च चांगला असतो. मे ते सप्टेंबरमध्ये तो खवळतो आणि त्या काळात पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा किनारा शांत होतो. थायलंडच्या फुकेतमध्ये पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर मे ते ऑक्टोबर लाल झेंडे वारंवार लागतात, तर द्वीपकल्पाच्या पलीकडच्या कोह सामुईला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतो. 'थायलंडला कधी जायचं' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

स्थानिक हवा चांगली म्हणजे समुद्र चांगला, हेही गृहीत धरू नका. हवाईच्या ओआहू बेटाचा उत्तर किनारा उन्हाळ्यात सपाट असतो. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळांच्या लाटा तिथे पोचतात, तेव्हा किनाऱ्यावर लख्ख ऊन असू शकतं आणि समोर दुमजली घराएवढ्या लाटा.

आडोशाच्या बाजूचीही एक फसगत आहे, आणि ती नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. काठाजवळचं पाणी त्यामुळे गुळगुळीत दिसतं. त्याच पाण्यात हवा भरलेली गादी, रबरी रिंग किंवा पॅडल बोर्ड घेऊन कुणी पहुडलं की वारा त्याला अलगद बाहेर नेतो. पन्नास मीटरवर गेल्यावर आडोसा संपतो आणि वेग वाढतो. जमिनीकडून वारा असेल तेव्हा हवेची खेळणी पाण्यात नेऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे. ती निसटली तर निसटू द्यावी, मागे पोहत जाऊ नये.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा

दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे फरक कमी. हा झाला सर्वसाधारण हिशेब, पण बेटाबेटाला आकडे फार बदलतात. ताहितीत भरती जेमतेम फूटभर चढते आणि तिथे ती रोज दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारालाच येते, कारण त्या भागात चंद्राच्या ओढीचा परिणाम जवळजवळ नसतो, सूर्याचाच उरतो. झांझिबारला उधाणात हाच फरक चार मीटरच्या घरात जातो. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे किंवा जांबियानीला, ओहोटीच्या वेळी गेलात तर समुद्र किलोमीटरभर मागे गेलेला दिसेल आणि पोहायला पाणीच सापडणार नाही. त्यामुळे आपल्या बेटाच्या, शक्यतो आपल्याच किनाऱ्याच्या, तारखेनुसार वेळा शोधा. हॉटेलच्या काउंटरवर किंवा बोटवाल्याकडे विचारलं तरी लगेच कळतात.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी हलतं. प्रवाळाच्या खडकांवर चालत दूर गेलेली माणसं इथेच अडकतात. पहिल्या तासात पाणी फारसं वाढलेलं दिसत नाही, म्हणून माणूस निवांत राहतो आणि मग अचानक मागची वाट बुडते. ओहोटीला बाहेर जायचं असेल तर पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळलं की परत फिरा. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश थोडा वेळच टिकतो. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत चांगला अंधार पडतो. संध्याकाळच्या ओहोटीला हे विशेष ध्यानात ठेवा.

पोहण्यासाठी आणि प्रवाळ बघण्यासाठी भरती पूर्ण होण्याच्या आसपासचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. प्रवाळावर पुरेसं पाणी असतं, त्यामुळे पोटाला खरचटत नाही, पाणी स्वच्छ असतं आणि ओढ मंदावलेली असते. वाळूत चालायला, डबक्यांतले जीव बघायला ओहोटी.

पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा

किनाऱ्यावर पोचल्यावर पिशवी ठेवून सरळ पाण्याकडे धावू नका. थोड्या उंच जागेवरून, टेकाडावरून किंवा पायरीवरून, पंधरा-वीस मिनिटं समुद्र बघा. लाटा झुंडीने येतात. दहा मिनिटं लहान लाटा येऊन मग एकदम चार-पाच मोठ्या येतात. पहिल्या पाच मिनिटांत जे दिसतं त्यावर निर्णय घेतला तर मोठी झुंड तुम्हाला पाण्यात गाठते. खडकावर उभं राहणार असाल तर खडक ओला आहे का ते बघा. ओला असेल तर लाट तिथवर येते, मग सध्या कितीही शांत दिसो. समुद्राकडे पाठ करून फोटो काढून घेताना लाटेने ओढून नेल्याच्या घटना सगळ्या समुद्रांवर घडल्या आहेत.

मग लाट कुठे फुटते ते पाहा. दूर खडकांच्या रांगेवर फुटत असेल आणि अलीकडे शांत पाणी असेल, तर तो लगून, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतलं उथळ पाणी. नवख्यांसाठी सर्वांत चांगली जागा हीच. लाट थेट वाळूवर, उतारावर, धाडकन फुटत असेल तर तिथे लाटेत खेळू नका. अशी लाट माणसाला उचलून डोक्यावर आपटते. मानेच्या आणि पाठीच्या कण्याच्या गंभीर दुखापती गुडघाभर पाण्यातही होतात. कुठल्याही अनोळखी पाण्यात डोकं पुढे करून उडी मारू नये, ते याचसाठी.

शांत दिसणारी पट्टी

आता पाण्याच्या ओढीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण किनाऱ्यावर सर्वांत जास्त जीव हीच घेते.

लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. जिथे तळ जरा खोल असेल तिथून ते अरुंद पट्टीने समुद्राकडे परत वाहतं. याला रिप करंट म्हणतात. उंचावरून बघताना सलग पांढरा फेस दिसत असतो आणि मध्येच एक पट्टी अशी दिसते जिथे लाटा फुटतच नाहीत. तिचा रंग आजूबाजूपेक्षा गडद असतो, पृष्ठभाग जरा खळबळलेला असतो, आणि नीट पाहिलं तर फेस, पालापाचोळा किंवा वाळूमिश्रित पाणी त्या पट्टीतून बाहेर जाताना दिसतं. नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो, कारण तिथे लाटा अंगावर येत नाहीत.

या प्रवाहाचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या विरुद्ध पोहून कुणीही जिंकत नाही, दमून बुडतो. सापडलात तर हे करा:

१. उताणे व्हा आणि तरंगा. हा प्रवाह बाहेर नेतो, खाली खेचत नाही. तोंड पाण्यावर ठेवणं हे तुमचं पहिलं आणि सर्वांत मोठं काम.
२. एक हात वर करून हलवा आणि ओरडा.
३. श्वास जागेवर आला आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला पोहा. पांढरा फेस म्हणजे उथळ पाणी, आणि तिथल्या लाटा तुम्हाला आत लोटतात.
४. एका बाजूने जमत नसेल तर दुसरी बाजू धरा. तेही जमत नसेल तर तरंगत राहा. बरेचसे रिप फुटत्या लाटांच्या पलीकडे मंदावतात, काही गोल फिरून माणसाला परत आत आणतात.

दुसरा कुणी सापडला असेल तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. आधी जीवरक्षकाला बोलवा, मग तरंगणारं काहीही फेका: रिंग, बोर्ड, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन. वाचवायला गेलेला बुडाला आणि सापडलेला वाचला, असं पुष्कळदा झालं आहे.

प्रवाळ बेटांवर याचाच एक वेगळा आणि जास्त धोकादायक प्रकार असतो. लाटा प्रवाळभिंतीवरून पाणी लगूनमध्ये ओततात आणि ते पाणी भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडतं. ओहोटी लागली की या खिंडीतला वेग आणखी वाढतो. वरून ती सुंदर गडद निळी वाट दिसते, बोटी तिथूनच ये-जा करतात. तिच्या आसपासही पोहू नका. इथून बाहेर फेकला गेलेला माणूस भिंतीच्या पलीकडे मोकळ्या समुद्रात जातो, आणि परत यायला त्याच्यासमोर फुटणाऱ्या लाटा आणि धारदार खडक असतात. मॉरिशसभोवती प्रवाळाचं जवळपास सलग कडं आहे, पण दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री-ग्री इथे ते तुटलेलं आहे. तिथला समुद्र बघायला लोक आवर्जून जातात; पोहायला मात्र तो भाग धोक्याचा आहे.

झेंडे आणि माणसं

लाल-पिवळा झेंडा म्हणजे दोन झेंड्यांमधल्या भागावर जीवरक्षकाची नजर आहे, तिथेच पोहा. नुसता पिवळा: सावध राहा. लाल: धोका मोठा. दोन लाल: पाणी बंद. जांभळा: जेलीफिशसारखे डंख करणारे जीव आले आहेत. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा असेल तर तो भाग सर्फबोर्ड आणि इतर वाहनांचा, पोहणाऱ्यांचा नाही. सगळीकडे हीच पद्धत असेल असं नाही, म्हणून फलकही वाचा. हिरवा झेंडा दिसला तरी 'काहीच धोका नाही' असा त्याचा अर्थ लावू नका.

झेंडे नसतील, जीवरक्षक नसेल, तर तिथल्या माणसांना विचारा. 'इथे पोहता येतं का?' या प्रश्नाला बहुधा 'हो' असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी 'तुमची मुलं कुठे पोहतात आणि कुठे जात नाहीत?' असं विचारा. याचं उत्तर नेमकं मिळतं. भर मोसमात सुंदर किनारा पूर्ण रिकामा दिसला तर त्याला कारण असतं. रेयूनियन बेटावर शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३ पासून लगून आणि देखरेखीतल्या जागा सोडून इतरत्र पोहायला बंदी आली, ती असल्याच रिकाम्या, देखण्या किनाऱ्यांवर. अंदमान आणि सॉलोमन बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीचं तोंड, कांदळवन आणि गढूळ पाणी तिथे टाळायचंच.

पाण्यात उतरताना

पायात काहीतरी घाला. रबरी तळाचे पाण्यातले बूट सर्वांत बरे, चपला लाटेत निघून जातात. ज्वालामुखीच्या बेटांवर काळी वाळू असते आणि ती दुपारी तळपाय भाजते. प्रवाळाची पांढरी वाळू त्या मानाने थंड असते. (ही पांढरी वाळू बऱ्याच अंशी पॅरटफिश नावाच्या माशांनी तयार केलेली असते. ते प्रवाळ चावून शेवाळ खातात आणि उरलेला चुरा टाकतात. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो.)

वाळूच्या तळावरून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत स्टिंग रे नावाचा चपटा मासा लपून बसलेला असतो. पायाने तो हलकेच डिवचला गेला तर निघून जातो, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. खडकाळ भागात स्टोनफिश तर खडकासारखाच दिसतो, आणि त्याच्या पाठीवरचे विषारी काटे पातळ तळव्याच्या बुटातूनही घुसतात. हिंदी महासागर आणि पॅसिफिकच्या उथळ पाण्यात तो आढळतो. म्हणून प्रवाळाच्या भागात चालायचंच नाही, तरंगायचं. त्यात प्रवाळाचंही भलं आहे. भक्कम गोलाकार प्रवाळ वर्षाला एखाद-दुसरा सेंटिमीटरच वाढतात, आणि पायाखाली तुटलेला तुकडा भरून यायला अनेक वर्षं लागतात.

स्नॉर्केल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी) पहिल्यांदा वापरणार असाल तर आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करा. मास्क चेहऱ्याला लावून, पट्टा न ओढता, नाकाने हलकेच श्वास घ्या. तो हात न लावता चिकटून राहिला तर बसतो आहे. केसांची बट किंवा दाट मिशी मध्ये आली की पाणी शिरणारच. मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरून तो काढू नका. वरची कड कपाळाला दाबून नाकाने जोरात फुंका. सुरुवातीला प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे दमल्यावर परतताना पाणी तुम्हाला आणून सोडेल. एकटे जाऊ नका. आणि जास्त वेळ बुडी मारण्यासाठी आधी भराभर खोल श्वास घेण्याचा प्रकार कधीही करू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो. चांगले पोहणारेच यात जातात.

मुलांबाबत एकच नियम: हात लांबवला की मूल हाताला लागलं पाहिजे. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर येतं-जातं, हात बाजूंनी पाणी दाबतात, आणि मिनिटभरात सगळं संपतं. दोघा-चौघांचा गट असेल तर 'आता तू बघ' असं नाव घेऊन सांगा. सगळेच बघताहेत म्हटलं की कुणीच बघत नाही.

डंख आणि काटे

स्टिंग रे, स्टोनफिश, सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा जीव) यांच्या काट्यांवर पहिला उपाय गरम पाणी. सोसवेल इतकं गरम, ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास. पाण्याचा चटका दुसऱ्या, न दुखावलेल्या पायाने तपासा, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. स्टोनफिश असेल तर सोबतच दवाखाना गाठा. छातीत, पोटात किंवा मानेत घुसलेला स्टिंग रेचा काटा उपटू नका. तसाच ठेवून दवाखान्यात न्या.

जेलीफिशचा डंख झाला तर आधी पाण्यातून बाहेर या. चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, लघवीचा उपाय करू नका. या सगळ्याने न फुटलेल्या डंखपेशी फुटतात. बॉक्स जेलीफिशच्या भागात निदान ३० सेकंद व्हिनेगर ओतायचं, मग चिकटलेले तंतू चिमट्याने काढायचे. थायलंडच्या काही बेटांवर याचसाठी किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. पोहोचल्यावर ती जागा बघून ठेवा. श्वास लागणं, छातीत दुखणं, शुद्ध जाणं यांतलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका. किनाऱ्यावर पडलेली निळ्या फुग्यासारखी ब्लूबॉटल मेलेली दिसली तरी डंख करते, हात लावू नका. काही ठिकाणी या जीवांचंही वेळापत्रक असतं: होनोलुलूच्या वाइकिकीला बॉक्स जेलीफिश पौर्णिमेनंतर साधारण ८ ते १० दिवसांनी काठाजवळ येतात.

सुंदर शंख उचलायचा मोह आवरा. कोन शेल नावाचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर विषारी काटा मारतो, आणि त्याच्या एका जातीच्या विषाने माणसं दगावली आहेत. त्यावर उतारा उपलब्ध नाही. शिवाय प्रवाळ, मोठे शिंपले, क्वीन काँच नावाचा मोठा शंख यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि विमानतळावर ते जप्त होतात.

कॅरिबियनमध्ये झाडाचीही काळजी घ्यावी लागते. मँचिनील नावाचं झाड किनाऱ्यावरच वाढतं, लहान सफरचंदासारखी हिरवी फळं येतात. त्याचा चीक कातडीवर फोड आणतो. पावसात त्याखाली उभं राहिलं तर पानांवरून ओघळणारं पाणीही भाजतं. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. माडाखाली मात्र असा पट्टा नसतो. वर नारळ बघा आणि मगच चटई अंथरा.

ऊन

मकरवृत्त आणि कर्कवृत्ताच्या मधल्या प्रत्येक जागी वर्षातून दोन दिवस सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, आणि एरवीही तो फारसा कलत नाही. अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे 'अतितीव्र' गटात, अगदी सहज जातो. पाण्यात असल्याने वाचतो असं वाटतं, पण अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोचतात. वाळू आणखी १५ टक्क्यांच्या आसपास परत फेकते, म्हणजे छत्रीखालीही काही भाग अंगावर येतो.

सोपी खूण: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर सावलीत जा. स्नॉर्केलिंगला लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. पाठ, मान आणि गुडघ्यांमागचा भाग तासभर वर असतो आणि तिथे रात्री झोपू देणार नाही इतकी आग होते. उघड्या राहणाऱ्या भागावर सनस्क्रीन, निदान एसपीएफ ३०, पाण्यात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं आणि मग दर दोन तासांनी. पूर्ण अंगाला एका मोठ्या माणसासाठी ३५ मिलिलिटर लागतं. बहुतेक लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. घेताना मागचा मजकूर वाचा. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने प्रवाळाच्या रक्षणासाठी १ जानेवारी २०२१ पासून बंदी आणली, पलाऊने त्याच्याही वर्षभर आधी. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घेतलं की हा प्रश्न मिटतो.

बाहेर यायची वेळ

मेघगर्जना ऐकू आली की पाण्याबाहेर, आणि झाडाखाली नव्हे, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. जोराच्या पावसानंतर नाल्यांचं पाणी समुद्रात येतं. रंग चहासारखा दिसत असेल तर एक-दोन दिवस पोहू नका.

त्सुनामीबद्दल प्रत्येकाला तीन खुणा ठाऊक हव्यात: उभं राहणं कठीण होईल असा किंवा बराच वेळ चाललेला भूकंप, ओहोटीची वेळ नसताना समुद्र अचानक मागे हटणं, आणि समुद्राकडून येणारा मोठा घोंघावणारा आवाज. यातली एक दिसली तरी भोंग्याची वाट न बघता उंचावर पळा. २६ डिसेंबर २००४ ला अनेक किनाऱ्यांवर समुद्र मागे गेला आणि लोक उघड्या पडलेल्या तळावर मासे बघायला पुढे गेले. त्याच दिवशी, भूकंपाच्या केंद्राजवळच्या, इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर, सुमारे ७८ हजारांच्या वस्तीत सातच माणसं दगावली. १९०७ च्या त्सुनामीपासून तिथे आजी-आजोबा नातवंडांना 'स्मोंग'ची, म्हणजे त्यांच्या भाषेत त्सुनामीची, गोष्ट सांगत आले होते: जमीन हलली, समुद्र मागे गेला, की डोंगराकडे धावायचं. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असं नाही आणि लाटा कित्येक तास येत राहतात, म्हणून सामान आणायला खाली उतरू नका. खोलीवर पोचल्यावर उंच जागेची वाट कुठून जाते ते पहिल्याच संध्याकाळी चालून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

खोलीवर परतल्यावर

गोड्या पाण्याने अंघोळ करा आणि उजेडात पाय तपासा. प्रवाळाने झालेली जखम दिसायला किरकोळ असते, नुसतं खरचटल्यासारखी, पण तिच्यात प्रवाळाचे बारीक कण राहतात. साबण आणि स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने घासून ते काढा, दुखलं तरी काढा, मग जंतुनाशक लावा. पुढचे दोन दिवस ती बघत राहा. लाली कडेने पसरत असेल, जखम गरम लागत असेल, ताप आला असेल किंवा लाल रेघ वर सरकताना दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी त्याआधीच. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते निघण्यापूर्वीच बघून ठेवलेलं बरं. कानात पाणी राहिलं असेल तर डोकं कलतं करून निथळू द्या, काडी घालू नका. लहान बेटावर मोठं रुग्णालय बहुधा नसतं, गंभीर रुग्णाला बोटीने किंवा विमानाने हलवावं लागतं, म्हणून प्रवास विम्यात तो खर्च धरलेला आहे का हे कागद हातात घेऊन वाचा, आणि विम्याचा आपत्कालीन नंबर फोनबरोबरच एका चिठ्ठीवरही लिहून पिशवीत ठेवा.